काही नाही, नुसतं पाह्याले

(राजापेठेतल्या महिला मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे 'स्त्रिया आणि सार्वजनिक जागा' असा विषय छापला आहे. एम.एस.डब्ल्यू. करताना या विषयावर मी बरंच वाचलं होतं, पानंच्या पानं लिहिलीही होती. आज त्यातलं काही सांगणार नाही. आज एका सहलीची गोष्ट सांगणार आहे. मागच्या महिन्यात आमच्या गटातल्या अठरा जणी अमरावतीहून अचलपूर पाहायला गेलो. सकाळी निघालो, दिवे लागायच्या आत परत आलो. एवढंच. यात भाषण करण्यासारखं काय, असं तुम्हांला वाटेल. पण त्या एका दिवसाच्या तयारीला आम्हांला दोन महिने लागले, आणि त्याची किंमत आमच्यातली एक जण अजून मोजते आहे.

सुरुवात झाली ती एका मोबाइलवरून. गटातल्या पापडवाल्या काकूंची भाची नोकरीसाठी स्पेनमध्ये असते. ती ग्रनाडा नावाचं शहर पाहायला गेली आणि तिथल्या अलहम्ब्रा राजवाड्याचे फोटो तिनं मावशीला पाठवले. बुधवारच्या बैठकीत बचतीचा हिशेब राहिला बाजूला आणि फोन हातोहात फिरू लागला. कमानी, जाळ्या, मधोमध पाण्याचा लांबलचक हौद, त्यात भिंतीचं प्रतिबिंब. फोन शिलाईचं काम करणाऱ्या आपांकडे गेला. त्यांनी चष्मा लावून फोटो मोठा केला आणि म्हणाल्या, "अरे, ये तो अरबी है. यहाँ अल्लाह लिखा है." सगळ्या एकदम गप्प. मग काकूंनी विचारलं, "युरोपात कसं काय वं?"

मग मला सांगावं लागलं. स्पेनमध्ये ७११ साली उत्तर आफ्रिकेतून मुसलमान फौजा गेल्या, आणि त्या देशाच्या लहानमोठ्या भागांवर पुढे जवळजवळ आठशे वर्षं त्यांचं राज्य होतं. तिकडे त्यांना मूर म्हणत. कॉर्दोबा हे त्यांचं मोठं शहर. अकराव्या शतकात तिथे वल्लादा नावाची एक राजकन्या होऊन गेली. ती कविता करायची, पुरुषांच्या बरोबरीनं मैफलीत बसायची आणि प्रियकराशी बिनसल्यावर तिनं त्याच्यावर झोंबरी कवनं केली, हे सांगितल्यावर बायका खूश झाल्या. शेवटचं राज्य ग्रनाडाचं. ते १४९२ च्या जानेवारीत ख्रिस्ती राजाराणीनं घेतलं. हरलेला सुलतान डोंगरावरून मागे वळून शहराकडे पाहत रडला, तेव्हा त्याची आईच त्याला म्हणाली, की पुरुषासारखं राखता आलं नाही त्यासाठी आता बाईसारखा रडतोस होय, अशी तिकडे दंतकथा आहे. बघा, राज्य पुरुषांनी घालवलं आणि टोमणा बायकांच्या रडण्याला. तोही आईच्या तोंडी घातलेला!

पण बायकांना जे लागलं ते पुढचं. त्याच १४९२ साली ज्यूंना देशाबाहेर काढलं. मुसलमानांना काही वर्षांनी बाप्तिस्मा घ्यायला लावला. १५६७ साली फर्मान निघालं, की या लोकांनी अरबी बोलायचं नाही, आपले कपडे घालायचे नाहीत, त्यांच्या बायकांनी तोंड झाकायचं नाही आणि न्हाणीघरं बंद करायची. हे न्हाणीघर म्हणजे बायकांची एकमेकींना भेटायची जागा; आपल्या नदीच्या घाटासारखी किंवा नळासारखी. एवढं करून भागलं नाही म्हणून १६०९ पासून पाच वर्षांत त्यांना जहाजांत घालून देशाबाहेर काढलं. माणसं गेली, भिंती राहिल्या. आज त्याच भिंती पाहायला जगभरातून लोक जातात. इतके, की रोज किती जणांना आत सोडायचं ते ठरलेलं आहे आणि तिकीट आधीच काढून ठेवावं लागतं.

आपा फोन परत देत म्हणाल्या, "मतलब घर अच्छा था, घरवाले नहीं चाहिए थे."

"आपल्याकडे असं काही हाय का पाह्याले?" कुणीतरी विचारलं. मी शिकलेली बाई, लगेच वेरूळ आणि बीबी का मकबरा सांगून मोकळी झाले. तेव्हा कोपऱ्यात गव्हातले खडे काढत बसलेल्या आजी म्हणाल्या, "अन् मंग अचलपूर काय हाय बाप्पा?"

आजींचं माहेर अंजनगावचं. मूर्तिजापूर ते अचलपूर जी छोटी रेल्वे होती, आपली शकुंतला, ती अंजनगावावरून जायची. कापूस वाहण्यासाठी इंग्रज कंपनीनं टाकलेली ती लाईन. आता गाडी बंद आहे, रूळ गवतात आहेत. लहानपणी आजी बापाबरोबर त्या गाडीनं अचलपूरला जायच्या. तिथे पाण्याच्या हौदात उभा असलेला मनोरा आहे आणि तो आपण एकदाच लांबून पाहिला, बापाला बाजाराची घाई होती, असं त्यांनी सांगितलं. साठ वर्षं तो मनोरा त्यांच्या डोक्यात होता. कुणी विचारलं नाही म्हणून त्यांनी सांगितला नाही.

अचलपूर म्हणजे जुनं एलिचपूर. अमरावतीपासून पन्नास किलोमीटरच्या आसपास. आपण परतवाड्याला उतरतो, भाजी घेतो, चिखलदऱ्याची गाडी धरतो. शेजारचं अचलपूर पाहत नाही. शाळेत आपण सनावळ्या पाठ केल्या, त्यात दख्खनच्या पाच शाह्यांमध्ये 'वऱ्हाडची इमादशाही' असा एक शब्द होता. ती इमादशाही या गावातून चालत होती. १४९० मध्ये फतहउल्ला इमादउल्मुल्कनं ती स्थापली. म्हणजे तिकडे ग्रनाडा पडायच्या दोन वर्षं आधी. हा फतहउल्ला जन्मानं विजयनगरकडचा हिंदू. लहानपणी लढाईत पकडून आणलेला, इथेच मुसलमान म्हणून वाढला आणि वऱ्हाडचा सुभेदार झाला, असं फरिश्त्यानं लिहून ठेवलं आहे. गाविलगडाच्या दिल्ली दरवाजावर हत्तींना धरलेला दोन तोंडांचा पक्षी कोरला आहे, तो गंडभेरुंड. ते विजयनगरकडचं चिन्ह. आपण चिखलदऱ्याला जाऊन मक्याची कणसं खातो आणि या पक्ष्याखालून निघून येतो.

आणखी एक नाव मला या वाचनात सापडलं, ते सांगितल्याशिवाय राहवत नाही. दौलतशाह बेगम. दर्या इमादशहाची मुलगी. अहमदनगरशी सख्य पक्कं व्हावं म्हणून ती हुसेन निजामशहाला दिली. पुढे त्याच अहमदनगरनं १५७४ मध्ये तिचं माहेर गिळलं. सासरच्यांनी माहेर बुडवल्याच्या केसेस आपल्या सल्ला केंद्रात रोज येतात. ही जरा जुनी केस म्हणायची.

तर अचलपूरला जायचं ठरलं. ठरलं म्हणजे सगळ्या "हो" म्हणाल्या, आणि पुढच्या बुधवारी निम्म्याच आल्या. कारणं तुम्हांला ठाऊक आहेत. २०२१ च्या नोव्हेंबरात १२ आणि १३ तारखेला आपल्या शहरात काय झालं ते या सभागृहातल्या प्रत्येकीनं पाहिलं आहे. मोर्चा, दुसऱ्या दिवशी बंद, दगडफेक, जाळपोळ, मग संचारबंदी, इंटरनेट बंद. आमच्या गटाची बैठक त्यानंतर कितीतरी महिने भरली नाही. आपा आणि त्यांची जाऊ येईनात, आणि खरं सांगायचं तर इकडच्याही कुणी त्यांना बोलवायला गेल्या नाहीत. मीही उशिराच गेले. पुढच्याच वर्षी एप्रिलमध्ये अचलपुरात दुल्हा गेटवर झेंडा लावण्यावरून दगडफेक झाली, तिथेही संचारबंदी लागली. म्हणजे आम्ही जी कमान पाहायला निघालो होतो, ती लोकांना माहीत होती ती बातमीतून. एकीचा नवरा म्हणाला, "त्या गावात काय मरायला जाता?" आपांचा मुलगा म्हणाला, "इन औरतों के साथ उधर जाके क्या करोगे? कुछ हुआ तो?" दोन्ही घरांत भीती एकच होती.

भीतीवर बोलता येतं, चर्चा करता येते. त्याहून अवघड निघाला तो दुसरा प्रश्न: "पण कशाला?" देवदर्शनाला जाता, जा. तो महिना बहिरमच्या यात्रेचा होता, एसटी भरभरून चालल्या होत्या, त्यात बायकाच जास्त. लग्नाला जाता, जा. मयतीला तर जायलाच पाहिजे. बस्ता बांधायला, डोळ्यांच्या शिबिराला, प्रचारसभेलासुद्धा जा. पण पाहायला? नुसतं पाहायला? याचं उत्तर एकीलाही देता येईना. आमची एक मैत्रीण म्हणाली, "ताई, घरी सांगाले काहीतरी काम द्या ना." मी हसले. मग मला आपल्या अंबादेवीची कथा आठवली. रुक्मिणीला स्वतःच्या मनाच्या माणसाबरोबर जायचं होतं, तर तिलाही घराबाहेर पडायला देवीच्या पूजेचंच निमित्त करावं लागलं. कौंडण्यपूरच्या राजकन्येची ही गत, तिथे राजापेठेतल्या भाड्याच्या खोलीतल्या बाईचं काय?

शेवटी सात-आठ जणींनी घरी खरं सांगितलं. बाकीच्यांनी बहिरम सांगितलं. एकीनं, ती गटात सगळ्यांत धाकटी, तिला मी धाकटीच म्हणते, तिनं माझं नाव पुढे केलं: ताईंनी ट्रेनिंग ठेवलं आहे. मला हे माहीत होतं आणि मी चालवून घेतलं. हे लक्षात ठेवा, पुढे त्याकडे यायचं आहे.

एका गोष्टीचं श्रेय द्यायला हवं. २०२३ च्या मार्चपासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे. त्यावर टीका खूप झाली, बायका उगाच फिरत सुटतात म्हणून. मला तर हा 'उगाच' शब्द फार आवडला. आमच्यातल्या निम्म्या जणी पूर्ण तिकिटात आल्याच नसत्या. आणि आजींची पंचाहत्तरी उलटलेली, त्या फुकटात. कंडक्टरला आधार कार्ड दाखवताना त्यांचा रुबाब पाहण्यासारखा होता.

जायच्या आधीच्या रविवारी आम्ही रंगीत तालीम केली. राजापेठेतून चालत अंबागेटपर्यंत गेलो आणि परकोटाच्या कडेकडेनं फिरलो. जन्म इथे गेलेल्या बायकांना ही भिंत कुणी बांधली ते ठाऊक नव्हतं. पेंढाऱ्यांच्या भीतीनं निजामाच्या राजवटीत ही बांधली गेली. पाच दरवाजे आणि चार खिडक्या. अंबेचं नाव असलेला दरवाजा निजामाच्या भिंतीत आहे हे ऐकून काकू जरा थबकल्या. मग म्हणाल्या, "असू दे. देवीले काय त्याचं."

अचलपूरला पोचलो तेव्हा साडेदहा झाले होते. परतवाड्याहून रिक्षा केल्या आणि गावात पायी निघालो. अठरा बायका, काही नऊवारीत, काही पाचवारीत, दोघी बुरख्यात, तिघी पंजाबी ड्रेसमध्ये, कुणाच्या हातात देवाची पिशवी नाही, झेंडा नाही, निवेदन नाही. लोक दुकानांतून बाहेर येऊन पाहू लागले. दुल्हा गेटजवळ एका चहावाल्यानं शेवटी विचारलंच, "कायच्या कार्यक्रमाले आल्या बाई?"

"पाह्याले आलो," आजी म्हणाल्या.

"काय पाह्याले?"

"हे." आजींनी दरवाजाकडे हात केला.

त्यानंही वळून दरवाजाकडे पाहिलं, जसा पहिल्यांदाच पाहतो आहे. मग आपण होऊन सांगू लागला. दुल्हा रहमान म्हणजे गझनीच्या महंमदाचा भाचा, बोहल्यावरून उठून थेट लढाईला आला, इथेच पडला, म्हणून तो दुल्हा. ही लोकांनी सांगितलेली गोष्ट आहे, इतिहास म्हणून घेऊ नका. पण त्याच्या नावानं दर्गा आहे, दरवाजा आहे. धाकटीनं त्याला विचारलं, "अन् नवरी? तिचं नाव काय होतं?" चहावाला विचारात पडला. बाजूच्या बाकावर बसलेल्या दोघातिघांना त्यानं विचारलं. कुणाला माहीत नव्हतं. चहाचे पैसे मात्र त्यानं पूर्ण घेतले!

मग तो प्रश्न आला, जो बायकांच्या प्रत्येक सहलीत येतो आणि प्रवासवर्णनात कधीच छापून येत नाही. लघवीला कुठे जायचं? सकाळपासून बऱ्याच जणींनी पाणीच प्यायलं नव्हतं. ती सवय आपल्याला कुणी शिकवावी लागत नाही. तासभर कळ काढली. शेवटी आपांनी एका गल्लीतल्या दारावर थाप मारली. सत्तरीच्या एका खालांनी दार उघडलं. आपा एवढंच म्हणाल्या, "खाला, अठरा औरतें हैं." खाला क्षणभर आमच्याकडे पाहत राहिल्या, मग हसायला लागल्या आणि दार पूर्ण उघडलं. एक संडास, अठरा बायका. पाऊण तास लागला. तेवढ्यात त्यांच्या दोन सुनांनी चहा टाकला. काकूंनी, ज्या बाहेर कुणाकडे पाणीही घेत नाहीत, त्यांनी कप हातात घेतला, थोडा वेळ तसाच धरला आणि प्यायल्या. मी मुद्दाम तिकडे पाहिलं नाही.

खालांची बहीण अमरावतीत असते. २०२१ पासून त्या बहिणीकडे गेलेल्या नाहीत. "बसमें बैठने का जी नहीं हुआ," एवढंच म्हणाल्या. आम्ही कुठे निघालो ते ऐकून थोरली सून म्हणाली, हौद कटोरा आपणही पाहिलेला नाही. लग्न होऊन अकरा वर्षं झाली, गावाबाहेर थोड्याच अंतरावर आहे, पण कोण नेणार? मी आशेनं खालांकडे पाहिलं. खालांनी घड्याळाकडे पाहिलं. मग उठल्या, खुंटीवरचा बुरखा चढवला आणि म्हणाल्या, "चलो, मैंने भी कहाँ देखा है." सुना मागेच राहिल्या, स्वयंपाक व्हायचा होता. सासू आमच्याबरोबर निघाली आणि सून दारात उभी राहिली, हे दृश्य माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. बायकांच्या एकजुटीवर मी बरीच भाषणं केली आहेत. त्या दारात मला एकही वाक्य सुचलं नाही.

हौद कटोरा म्हणजे मोठ्या हौदाच्या मधोमध उभा असलेला अष्टकोनी मनोरा, मजल्यावर मजले, आठही अंगांना कमानी. मूळचे वरचे दोन मजले एका नबाबानं आपल्या वाड्यासाठी काढून नेले असं सांगतात. आम्ही गेलो तेव्हा हौद कोरडा होता. फोटोतल्या ग्रनाडासारखं प्रतिबिंब नाही, बाग नाही, तिकीट नाही, माहिती सांगणारं कुणी नाही. काही जणींचा हिरमोड झाला, खोटं कशाला सांगू? "एवढंच?" असं एक जण म्हणालीसुद्धा. आजी मात्र पार पायथ्याशी गेल्या, दगडाला हात लावला आणि तिथेच बसल्या. मग सगळ्याच बसल्या. भाकरी, ठेचा, झुणका निघाला, खालांनी घरून आणलेलं लोणचं निघालं. खालांनी आजींना विचारलं, तुम्ही याआधी कधी पाहिला होता, आणि आजींनी शकुंतलेची, बापाची, बाजाराची सगळी कथा सांगितली. दोघी बुढ्या एकमेकींच्या भाषेत थोडं थोडं बोलत तासभर बसल्या. बाकीच्या काही करत नव्हत्या. कुणी आडव्या झाल्या. धाकटी कमानीत पाय सोडून बसली होती आणि कशावर तरी इतकी हसत होती की तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मी तिला दोन वर्षं ओळखते. असं हसताना तिला मी कधी पाहिलं नव्हतं, म्हणून मी फोटो काढला.

तोच फोटो मी रात्री गटाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर टाकला. कुणीतरी तो स्टेटसला ठेवला. स्टेटस नात्यातल्या कुणी पाहिला आणि तो धाकटीच्या नवऱ्यापर्यंत गेला. ट्रेनिंगला गेलेली बायको मनोऱ्यात बसून हसते आहे. त्या रात्री तिला मार बसला. तिचा फोन काढून घेतला, तो अजून तिला परत मिळालेला नाही.

मी दहा वर्षं या कामात आहे. बाईची माहिती जपायची, तिच्या संमतीशिवाय काही बाहेर जाऊ द्यायचं नाही, हे मी नव्या कार्यकर्त्यांना शिकवते. आणि एका सुंदर फोटोपायी मी तेच विसरले. कुणी म्हणेल, मारणारा नवरा दोषी, तू कशाला दोष घेतेस? मारणारा दोषी आहेच, त्याच्याशी जे बोलायचं ते आपण बोलतो आहोत. पण फोटो मी टाकला होता. आणि त्याआधी तिनं घरी काय सांगितलं आहे हे ठाऊक असताना, ते निभवायला लागलं तर काय करायचं, याचा मी विचार केला नव्हता. सहलीचा जमाखर्च मांडला, जेवणाची यादी केली, याची यादी केली नाही.

पुढच्या बुधवारी गटात कडाक्याचं भांडण झालं. काही जणी म्हणाल्या, यापुढे घरी खरं सांगणारीलाच न्यायचं. आपा म्हणाल्या, मग ज्यांना खरं सांगता येतं त्याच जग पाहतील आणि ज्यांना सांगता येत नाही त्या घरातच राहतील. हा कुठला न्याय? काकू म्हणाल्या, फोटोच काढायचे नाहीत. आजी म्हणाल्या, "फोटो काढा वं. म्या आता केव्हा जाईन पाह्याले?" अजून काही ठरलेलं नाही. तूर्त एवढंच झालं आहे की फोटो काढायचे असतील तर ते एकाच फोनमध्ये राहतील, आणि ज्या घरी खोटं सांगून येतील त्यांच्या घरी संध्याकाळी आमच्यातल्या दोघी सोडायला जातील.

अचलपूरच्या खालांचा परवा फोन आला होता. त्या बहिणीकडे आल्या होत्या, थोरल्या सुनेला घेऊन. बसनंच आल्या. अर्ध्या तिकिटात.

पुढच्या महिन्यात नरनाळ्याला जायचं चाललं आहे. अकोला जिल्ह्यात, अकोटच्या पुढे, सातपुड्याच्या डोंगरात. तिथल्या महाकाली दरवाजावर १४८७ चा शिलालेख आहे, तोही आपल्या त्या फतहउल्लाच्या वेळचा. किल्ला अभयारण्यात असल्यामुळे वनखात्याची परवानगी लागते, म्हणून नावं आधी द्यायची आहेत. आपांनी पंधरा नावं लिहून आणली आहेत. धाकटी काल नळावर भेटली. मी तिची माफी मागितली. ती काही बोलली नाही. कळशी उचलताना तिनं एवढंच विचारलं, की नरनाळा कितीक लांब आहे.